अर्ध्या इंचाची उसवण

उधना, सुरत
दि. १६ नोव्हेंबर २०२५

चि. मनीषा हिस,

सरूताईचा पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहोत. तुझ्या दाजींचे गुडघे बोलायला लागलेत, पण तोंड अजून लूमपेक्षा जोरात चालतं, तेव्हा काळजी नको. रुपाली बारावीला आहे. माझ्याशी गुजरातीत भांडते आणि पैसे मात्र मराठीत मागते. परवा कपाट आवरताना तुझी हिरवी ओढणी सापडली तर म्हणाली, ही मावशीची आहे, मी कुणाला देणार नाही.

फोनवरच बोलले असते, पण तुझी वहिनी स्पीकर लावून ठेवते. मग मला जे बोलायचं ते राहून जातं आणि मी आपली कापसाचा भाव विचारत बसते. तू तर फोनवर येतच नाहीस. गावी गेल्यापासून पावणेसहा वर्षांत सात वेळा आलीस, आणि सातही वेळा "सुकदेवदादाला देते" एवढंच म्हणालीस. म्हणून पत्र. अक्षर पूर्वीसारखंच कोंबडीच्या पायांचं आहे, चालवून घे.

एक गोष्ट मी तुला आजवर सांगितली नाही. मी ब्लाउज शिवायचं सोडलं. चार वर्षं झाली, तुझ्यावर उपचार झाले त्याच हॉस्पिटलच्या भाजलेल्यांच्या वॉर्डात मी शिवणकाम करते. ओपीडीशेजारी एक खोली आहे, त्यात दोन मशीन. मी आणि भेस्तानची कमल नावाची एक विधवा बाई, अशा दोघी. व्रण फुगू नयेत म्हणून तू घालायचीस तसले घट्ट, दाबाचे कपडे आम्ही शिवतो. तेव्हा ते कतारगामच्या एका कारखान्यातून शिवून यायचे, आता इथेच होतात. आयुष्यभर ब्लाउजला आत माया सोडून शिवलं, आणि इथे अंगाच्या मापापेक्षा कमी कापायचं. दहाला नऊ, असं. पहिले दोन महिने माझी कात्रीच पुढे सरकत नव्हती. मी तिथे का गेले हे आज विचारू नकोस.

आता कामाचं. दीड वर्षापूर्वी गौरी मॅडम म्हणून नवीन सर्जन आल्या. नागपूरच्या आहेत, चहात साखर घेत नाहीत, बाकी माणूस चांगलं. त्यांनी नवा अभ्यास सुरू केलाय, आणि तो फक्त मान आखडलेल्यांवर आहे. भाजल्याचे व्रण जाड होऊन हनुवटी छातीकडे ओढली जाते ना, तो पट्टा ऑपरेशन करून मोकळा करायचा, तिथे मांडीची कातडी लावायची, आणि मग वर्षभर सुरतेतच विणलेल्या ताणाच्या कापडाचा कपडा घालायचा. दर आठवड्याला कपड्याखाली हवेची एक चपटी पिशवी सरकवून दाब मोजतात. कोणत्या कापडाचा दाब किती दिवस टिकतो आणि मान पुन्हा आखडते की नाही, हे त्यांना बघायचंय. तीस पेशंट घ्यायचे आहेत, सव्वीस झाले. जानेवारीअखेर यादी बंद होईल. खर्च आपल्यावर नाही.

मने, मान मोकळी होते ग. मी डोळ्यांनी बघितलंय. एक बाई चार वर्षं नळीने पाणी प्यायची. परवा माझ्यासमोर तांब्या उंच धरून वरून धार तोंडात घेतली, सगळी साडी भिजवली, आणि स्वतःच हसायला लागली. ठिगळ दिसतं, पहिल्यासारखी कातडी कुणाचीच होत नाही. पण तिला माणसाच्या तोंडाकडे बघायला कमरेतून मागे वाकावं लागत नाही.

सुकदेव सांगत होता, तू वाकतेस.

भुसावळहून येणारी पॅसेंजर उधन्याला थांबते. मी स्टेशनवर येईन. नुसतं "येते" एवढं लिही, मागे-पुढे काही नको.

तुझी वाट बघणारी,
सरूताई


उधना
दि. ७ डिसेंबर २०२५

चि. मनीषा,

आशीर्वाद. सुकदेवचा फोन आला. त्याने तुझे शब्द जसेच्या तसे सांगितले: "जठे माले खोटारडी म्हनात, तठे मी पाय ठेवाव नही."

बरोबर आहे तुझं. तुझ्या जागी मी असते तर त्या रस्त्याने रिक्षाही जाऊ दिली नसती. हे पत्र मी दोनदा लिहून फाडलं. तिसऱ्यांदा लिहितेय, तर आधी या आठवड्यात काय झालं ते सांगते, म्हणजे हात चालता होईल.

सोमवारी कतारगामची एक आई सहा वर्षांच्या मुलीला घेऊन आली. उकळत्या डाळीने पोरीचा खांदा आणि गळा भाजलाय. मी कपडा चढवला तर पोर हमसून हमसून रडायला लागली. आईने माझा हात धरला. "बेन, थोडुं ढीलुं करी आपो ने. एनाथी श्वास नथी लेवातो." मी तिचा हात सोडवला आणि सांगितलं, नाही, एक टाकाही नाही. घरी उसवलंत तर मला कळेल. इतक्या जोरात बोलले की कमल मशीन थांबवून बघायला लागली. ती बाई गेल्यावर मी कापडाच्या ताग्यांमागे जाऊन बसले आणि तोंडात पदर धरून रडले. कमलला म्हटलं, डोकं दुखतंय.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तू होतीस त्या जुन्या अभ्यासाच्या फायली काढायला लावल्या. नवे पॅटर्न कापायला त्यातली मापं हवी होती. अभ्यासाच्या कागदांवर नावं नसतात, नंबर असतात. मी पानं उलटत होते, आणि एकोणीस नंबरच्या कागदावर थांबले. गळा, खांदा, उजवा दंड, छाती. मने, तुझं माप मला तुझ्या नावाइतकं पाठ आहे. तू दहा वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून तुझा प्रत्येक फ्रॉक, प्रत्येक ड्रेस मी शिवलाय. तुझा उजवा खांदा डाव्यापेक्षा पाव इंच उतरता, हे जगात मला एकटीलाच माहीत आहे.

खाली इंग्रजीत काहीतरी खरडलेलं होतं. मी मॅडमना विचारलं, हे काय लिहिलंय?

त्यांनी वाचून दाखवलं. "रुग्ण रोज तेवीस तास कपडा घातल्याचं सांगते. व्रणांची वाढ पाहता हे खरं वाटत नाही. रोजच्या तासांच्या कार्डावरची नोंद विश्वास ठेवण्याजोगी नाही. अभ्यासातून वगळले." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "का हो सरस्वतीताई? ओळखीची होती का?"

"नाही," मी म्हणाले.

हे असं आहे माझं. आता ऐक, मी एका दमात लिहिते. मध्ये थांबले तर हेही फाडेन.

तुझा कपडा मी उसवला होता.

एप्रिलमध्ये तुला तो मिळाला. मे महिन्यात पत्र्याखालच्या आपल्या खोलीत पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. तू भिंतीला पाठ लावून बसायचीस आणि खाज सुटली की मुठी आवळायचीस. एका दुपारी म्हणालीस, "ताई, मना जीव घाबरस. थोडं ढिलं करी दे ना." मी म्हटलं, डॉक्टर ओरडतील, सहन कर. तू पुन्हा मागितलं नाहीस. पुन्हा मागितलं असतंस तर कदाचित मी नाहीच म्हणत राहिले असते. तू गप्प झालीस, ते मला बघवेना.

दुसऱ्या संध्याकाळी तू अंघोळीला गेलीस, कपडा अंगावर नसायचा तो तेवढाच एक तास. मी दोन्ही काखांखालची शिवण आणि गळ्याची मागची शिवण अर्धा अर्धा इंच उसवून बाहेरच्या बाजूने पुन्हा मारली. वीस वर्षांचा हात, कुणाला ओळखू येईल? तू कपडा चढवलास, मोठा श्वास घेतलास आणि म्हणालीस, "आज बरं वाटस." मी म्हटलं, अंगवळणी पडलं. त्या रात्री तू किती दिवसांनी सलग झोपलीस! मी तुझ्याकडे बघत बसले होते. मला वाटलं, देवाने हातात कला दिली ती आजच्यासाठी.

दर दुसऱ्या गुरुवारी तपासणी असायची. बुधवारी संध्याकाळी मी शिवण पुन्हा आत घ्यायचे, म्हणजे यंत्रावर आकडा बरोबर यायचा. शुक्रवारी पुन्हा सोडायचे. तू म्हणायचीस, गुरुवारी हा इतका का आवळतो ग? मी म्हणायचे, धुतल्यावर आटतो. आलटून पालटून घालायला दिलेल्या दोन्ही जोड्यांचं असंच, अकरा महिने.

माझी अक्कल तेवढीच होती. अंगाला काचतो तो कपडा चुकीचा शिवला, हे मी शिकले होते. दाब हेच औषध आहे हे मला कुणी सांगितलं असेलही, पण माझ्या कानात शिरलं नाही. अर्ध्या इंचाने काय बिघडतंय, असं वाटलं. आता रोज यंत्रावर बघते. अर्धा इंच सोडला की वीसचा आकडा सातावर येतो.

तू खोटं बोलली नव्हतीस. उन्हाळाभर, दिवाळीत, आणि उत्तरायणला गच्चीवर सगळी चाळ पतंग उडवत असताना, तू तो घालून बसली होतीस. तुझ्या कार्डावरची प्रत्येक खूण खरी होती.

आज एवढंच. पुढचं लिहायला बळ नाही.

सरू


उधना
दि. ४ जानेवारी २०२६

मने,

तुझं उत्तर नाही. मी मागतही नाही. पण पत्र पोचलं, हे सुकदेव म्हणाला. पत्र वाचून तू गोठ्याकडे गेलीस आणि बराच वेळ आली नाहीस, एवढंच त्याने सांगितलं. त्यावर मी काय विचारणार होते!

मी गौरी मॅडमना सगळं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत गेले, उभ्यानेच बोलले. एकोणीस नंबर माझी बहीण आहे, आणि कपडा मी उसवत होते. त्यांनी डबा बंद केला. त्यांना राग आला की लिहायचं पेन त्या सरळ रेषेत ठेवतात, ते ठेवलं.

"मी विचारलं तेव्हा नाही का म्हणालात?"

"भ्याले."

"त्या अभ्यासात तेरा जणांची कार्डं खोटी ठरवली होती," त्या म्हणाल्या. "त्यातली किती खरोखर खोटी होती? त्या कापडाचा दाबच कमी पडतो, असा निष्कर्षही त्यात लिहिलाय. तेही आता पुन्हा बघावं लागेल. तुम्हाला कळतंय का, सरस्वतीताई?"

मी विचारलं, मी उसवला नसता तर तिची मान वाचली असती का? हा प्रश्न मी सहा वर्षांत कुणालाच विचारला नव्हता. त्या म्हणाल्या,

"सांगता येत नाही. मानेची कातडी चांगला दाब असूनही आखडते. थोडी कमी आखडली असती असं मला वाटतं. छातीवरचे व्रण नक्की इतके जाड झाले नसते. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी यापेक्षा वेगळं बोलणार नाही."

मला वाटलं होतं, त्या एकतर मला मोकळी करतील नाहीतर कामावरून काढतील. दोन्ही केलं नाही. माप घ्यायचं काम दोन महिने माझ्याकडून काढून घेतलं, मी फक्त मशीनवर बसते. आणि आता प्रत्येक तपासणीला कपड्याच्या शिवणी मोजतात, जुने टाके उसवल्याची भोकं शोधतात, आणि घरच्यांना आधी न रागावता विचारतात, की घरी कुणी सैल केला का? पहिल्याच आठवड्यात चार घरांनी कबूल केलं. चार! त्यातली एक ती कतारगामची आई. मी इतकं दरडावूनही तिने उसवलाच होता. मला तिचा रागच आला नाही.

तुझ्या फाईलमध्ये त्या जुन्या शेऱ्याखाली मॅडमनी नवीन लिहिलं. मला मराठीत सांगितलं: रुग्णाने कपडा नियमित घातला होता. घरच्यांनी शिवण सैल केल्यामुळे दाब कमी पडला. कार्ड खरं आहे. खाली सही आणि तारीख. त्या म्हणाल्या, तुमची बहीण आली तर हॉस्पिटलच्या वतीने मी तिची माफी मागेन. त्या पानाचा फोटो काढून मी सुकदेवच्या फोनवर पाठवलाय. वहिनीलाही बघू दे, मुद्दाम पाठवलाय.

आता जे राहिलं ते. मागच्या पत्रात मी उसवणीचं लिहिलं आणि तेवढ्यावर थांबले. तुला कळलंच असेल की तुझ्या तपासणीच्या त्या शेवटच्या गुरुवारी मी काय केलं ते लिहिलं नाही. तुला कपड्याचं ठाऊक नव्हतं. हे मात्र तू स्वतः ऐकलंयस.

तेव्हाच्या मोठ्या डॉक्टरांनी तुझी हनुवटी बोटाने उचलायचा प्रयत्न केला, ती उठली नाही. ते म्हणाले, घालत नाहीस तू. तू म्हणालीस, घालते साहेब, तेवीस तास घालते. ते हसले. शिकाऊ डॉक्टर मागे उभे होते, तेही हसले. मग तू माझ्याकडे वळलीस. मान वळत नव्हती, म्हणून सगळं अंग वळवून वळलीस आणि म्हणालीस, "ताई, तू सांग ना."

आणि मी म्हणाले, "साहेब, मी दिवसभर मशीनवर असते. मला काय माहीत?"

त्या वाक्याला मी पुढे कितीतरी कारणं जोडली. खरं बाहेर आलं तर तुला अभ्यासातून काढतील, उपचार बंद होतील. पण तुला काढलं ते तरीही. दुसरं, पंचवीस माणसांत मला चोर ठरायचं नव्हतं. ही खरी गोष्ट. तू रडली नाहीस. रिक्षात पलीकडच्या टोकाला बसलीस. चार दिवसांनी सुकदेव घ्यायला आला तेव्हा पाया पडलीस आणि माझ्याकडे न बघता गेलीस. लगेच लॉकडाऊन लागला. मला एका परीने बरंच वाटलं, कारण तुला आणायला न जायचं निमित्त मिळालं. किती हलकी आहे मी, बघ.

कपडा मायेने उसवला होता, त्याची माफी मी मागेनही. त्या वाक्याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

संध्याकाळी साडेसहा वाजले की माझे हात रिकामे होतात. तुझी अंघोळ झाली की मी तुला तेल लावायचे ती वेळ. तळव्यात तेल घेऊन गरम करायचे, गळ्यापासून सुरू करायचे, आणि तू डोळे मिटून दिवसभरातलं काय काय सांगायचीस. आता त्या वेळेला मी कुकर लावते, भांडी घासते, रुपालीवर ओरडते. तरी हातांना कळतंच. तुझी इतकी आठवण येते की कधी कधी वाटतं, तू माझ्याशी भांडायला तरी ये. शिव्या दे. दारात उभी राहून सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं बोल.

पण मी हे माझ्यासाठी लिहीत नाहीय. यादीत अजून दोन जागा आहेत. एकतीस तारखेपर्यंत यायचं. मॅडमना मी सांगून ठेवलंय की आलीस तर तुझं माप कमल घेईल, आणि तुझा कपडाही कमलच शिवेल. मी तिला स्वतः शिकवलंय, तिचा हात माझ्यापेक्षा कडक आहे. तुझ्या कपड्याला मी सुई लावणार नाही. तू एकदा "जीव घाबरस" म्हणालीस की माझा हात पुन्हा सैल पडेल, मला माझी खात्री नाही.

माझं तोंड बघायचं नसेल तर मंगळवारी ये. या महिन्यातले सगळे मंगळवार मी रजा टाकलीय. मॅडम असतात, कमल असते, मी तिकडे फिरकणारही नाही. तू येऊन गेलीस हेही मी कुणाला विचारणार नाही.

सोमवार, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार मी सकाळी नऊपासून तिथे असते.

तुझीच,
सरू